बाक, झोपाळा आणि ट्रॅम्पोलिनखालचं गवत

परसातल्या बुटक्या वस्तूंखाली मोअर, म्हणजे ढकलत चालवायचं गवत कापण्याचं यंत्र, घालताना सगळ्यांचं लक्ष इंजिनाच्या उंचीकडे असतं. पण बहुतेक वेळा अडतं ते हँडल. तरी आधी टेप घ्या आणि दोन उंची मोजा: जमिनीपासून वस्तूच्या सर्वांत खालच्या कडेपर्यंतची आणि मोअरच्या इंजिनाच्या माथ्याची. वस्तू इंजिनापेक्षा किमान ५ सेंमी उंच नसेल, तर तिथे मोअर न्यायचाच नाही. जमिनीच्या एका उंचवट्यानेसुद्धा तेवढं अंतर संपतं.

उंची पुरत असेल तर पुढचा प्रश्न, मोअर किती आत जाईल? हँडल तिरकं असतं, मागे येताना वर चढत जातं. वस्तूच्या कडेची उंची हँडलवर जिथे येते, तिथे रंगीत चिकटपट्टी लावा. त्या खुणेपासून पात्याच्या पुढच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे तुमची पोच. समजा पोच ९० सेंमी आहे आणि ट्रॅम्पोलिनचा व्यास ३ मीटर. चहूबाजूंनी आत गेलात तरी मधोमध सव्वा मीटरच्या आसपास गोल पट्टा उरणारच. तो कापायला हँडल दुमडून मोअर ढकलायचा नाही, कारण तुमचे पाय आणि पातं यांच्यातलं अंतर हँडलच राखतं. त्यापेक्षा ट्रॅम्पोलिन दोघांनी उचलून बाजूला ठेवणं सोपं. तिथेच ठेवायचं असेल तर उरलेला पट्टा ट्रिमरने किंवा विळ्याने काढा. आणि कापताना वर कोणीही उड्या मारत असता कामा नये, उड्यांनी जाळी खाली दबते.

मोअर सरळ आत न्या. चाकांना इंजिनाची ओढ असेल तर आत शिरण्याआधीच ती सोडा, नाहीतर मोअर अचानक पुढे झेपावून खांबाला धडकतो. खरा धोका मात्र बाहेर येताना असतो. चालू मोअर स्वतःकडे ओढताना पाय घसरला तर थेट पात्याखाली जातो. म्हणून पोच संपली की हँडलवरचा सुरक्षा दांडा सोडायचा, पातं पूर्ण थांबू द्यायचं आणि मगच मागे ओढायचं. दर वेळी इंजिन पुन्हा सुरू करावं लागतं म्हणून काहीजण तो दांडा दोरीने बांधून टाकतात. हे कधीही करू नका. हँडल दाबून पुढची चाकं उचलायची आणि मोअर गवतावर टेकवायचा, हेही नको. त्यात पातं उघडं पडतं.

खांबाच्या कडेने जाताना गवत बाहेर टाकणारं तोंड खांबापासून दूर ठेवा. ते उजवीकडे असेल तर डावी बाजू खांबाकडे. चाकांमुळे थोडी पट्टी तरी राहतेच.

अशा जागी सावली असते, गवत विरळ आणि लांबट वाढतं. ते ७ ते ८ सेंमीवर कापा, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. फार माजलं असेल तर आधी कापायची उंची ठरवणाऱ्या वरच्या खाचेवर एक फेरी, काही दिवसांनी खालच्या. ओलं असेल तर थांबा: ओला चोथा पात्याच्या झाकणात चिकटतो आणि इंजिन दमतं. तो काढायचा झाल्यास इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली, आणि मोअर कलंडवताना एअर फिल्टर वरच्या बाजूला. नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं.

झोपाळ्याच्या दोऱ्या आडव्या दांड्यावर गुंडाळून घ्या. कपड्यांची दोरी गळ्याच्या उंचीवर येते, ती सोडूनच ठेवा. लोंबत्या फांद्यांच्या डहाळ्या हँडलच्या केबलमध्ये अडकतात आणि सुकी पानं तापलेल्या सायलेन्सरवर पडतात. त्या छाटून टाकणंच बरं.

झाडाच्या बुंध्याशी तर मोअर नेऊच नये. चाकाच्या धक्क्यांनी साल सुटते, आणि साल चहूकडून गेली की झाड वाळतं. बुंध्याभोवती निदान अर्धा मीटर रुंद आळं करून ५ ते ८ सेंमी पालापाचोळा पसरा, बुंध्याला न टेकवता. कायमच्या बाकाखालीही हेच करा: गवत काढा, पण त्याजागी खडी नको, कारण पातं खडे उडवतं. तिथेही पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसाच घाला.