फॉक्सप्रोच्या फाईलमधल्या विहिरी क्यूजीआयएसच्या नकाशावर आणल्या, माझा अनुभव

दिंडोरी तालुक्यातल्या ४१८ विहिरींची नोंद आमच्या शेतकरी गटाकडे पडून होती. २००३ साली एका सर्व्हेवाल्या काकांनी हातातला जीपीएस घेऊन गावोगाव फिरून केलेली, सगळी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रामच्या डीबीएफ फाईलमध्ये, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यात. त्या वर्षी मे महिन्यात कुठल्या विहिरीचं पाणी किती फुटांवर होतं हे आता परत मोजता येणार नाहीये, त्यामुळे हे वाया जाऊ द्यायचं नाही असं मी नाशिकला घरी बसल्या बसल्या ठरवलं आणि रोज रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडायचो.

डीबीएफ क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे नकाशे बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, ओढून टाकली की उघडते, शेपफाईलच्या (नकाशाचा डेटा ठेवायचा नेहमीचा प्रकार) पोटातसुद्धा डीबीएफच असते. फक्त ती टेबल म्हणून येते, नकाशावर काही दिसत नाही. एक कळकळीची विनंती, मधे एक्सेल आणू नका. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी टेक्स्ट फाईल) करून परत एक्सेलमध्ये उघडली की गट नंबर १२/२ चा १२ फेब्रुवारी होतो, आणि सेव्ह केलं की मूळ नंबर गेला.

मग टेबलवरून पॉइंट लेयर, म्हणजे नकाशावरच्या ठिपक्यांचा थर, करायचा. एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. आपल्याकडे बोलताना अक्षांश आधी म्हणतात म्हणून माझे उलटे पडले आणि सगळ्या विहिरी नॉर्वेच्या वर समुद्रात गेल्या. ते लगेच सुधारलं. पण त्यानंतर दिंडोरीच्या विहिरी दिसायला लागल्या पश्चिमेला ३५ एक किलोमीटरवर, हरसूलच्या बाजूला डोंगरात!

यात माझे चार दिवस गेले. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बदलून पाहिलं, जुना एव्हरेस्ट डेटम (अक्षांश-रेखांश मोजायला धरलेला पृथ्वीचा आकार) लावून पाहिला, पण डेटमने फरक पडतो तो काहीशे मीटरचा, ३५ किलोमीटरचा नाही. शेवटी आकडेच वाचत बसलो, २०.१२१५, ७३.५००८, २०.१४४२, असे एकाखाली एक, आणि लक्षात आलं की टिंबानंतरचे पहिले दोन आकडे कधी ५९ च्या वर जातच नाहीत, पुढचे दोनही नाहीत. म्हणजे हे दशांश नव्हतेच, २०.१२१५ म्हणजे २० अंश १२ मिनिटं १५ सेकंद! काकांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो मशिनवर तसंच दिसायचं, मी टिंब एकदाच मारायचो, उन्हात कोण तीन रकाने भरणार." फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये मिनिटं भागिले ६० आणि सेकंद भागिले ३६०० करून अंशात मिळवले, लेयर परत केला, आणि ठिपके आपापल्या गावात जाऊन बसले. मला खरंच भरून आलं त्या वेळी.

मालकांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, त्यामुळे क्यूजीआयएसमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत होती. लेयरचं एन्कोडिंग बदलून काही होत नाही कारण मुळात तो युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नाहीच, फॉन्ट कन्व्हर्टरमधून तो एक कॉलम काढावा लागतो आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी तपासावी लागतात. हे काम माझ्या बायकोने केलं, तिचं माहेर तिकडचंच, आडनावं तिला पाठ.

आणखी एक, प्रोजेक्ट फाईलमध्ये डेटा नसतो. क्यूजीझेड ही झिप केलेली फाईल, तिच्यात लेयर कुठे आहे तो पत्ता आणि रंगरंगोटी एवढंच. मी गटातल्या एका दादांना नुसती तीच पाठवली आणि त्यांच्याकडे लेयर सापडत नाही असा मेसेज आला. मग सगळं एका जिओपॅकेजमध्ये, म्हणजे बरेच लेयर एकत्र मावणाऱ्या एका फाईलमध्ये, एक्सपोर्ट केलं, प्रोजेक्टही त्याच्यातच सेव्ह केला, आता एक फाईल पाठवली की झालं. डीबीएफमध्ये कॉलमचं नाव दहा अक्षरांपुढे जात नाही, जिओपॅकेजमध्ये ती अडचण नाही, म्हणून 'पीएचटीएमएवाय०३' चं 'मे २००३ पाणीपातळी फूट' असं सरळ नाव दिलं. अंतरं मोजायला यूटीएम ४३ उत्तर हे मीटरमध्ये मोजणारं प्रोजेक्शन लावा, आपला सगळा नाशिक जिल्हा त्यात येतो.

अकरा विहिरी अजून चुकीच्या जागी आहेत, त्यातली एक तर धरणाच्या पाण्यात दाखवतेय. रविवारी काकांना गाडीवर मागे बसवून त्या अकराही बघून येणार आहे, जागा त्यांच्या अजून लक्षात आहेत.