उज्जैनची पंचक्रोशी: चार द्वारपालांच्या वाटेवरून

आम्हा इंदूरकर मराठी मंडळींसाठी उज्जैन म्हणजे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतण्याइतके जवळचे गाव. जेमतेम 55 किलोमीटरचे अंतर, महाकालाचे दर्शन, 2022 मध्ये खुल्या झालेल्या महाकाल लोकात, म्हणजे मंदिरालगतच्या नव्या परिसरात, एक फेरी आणि वाटेत पोहे-जिलेबी, एवढ्यावर आमची उज्जैनवारी आटोपते. या क्षेत्राचा खरा विस्तार मला कळला तो पंचक्रोशी यात्रेत, म्हणजे शहर मध्ये ठेवून त्याच्या भोवती पायी चालल्यावर.

ही यात्रा वैशाख कृष्ण दशमीला सुरू होऊन अमावास्येला संपते. माळव्यात महिना पौर्णिमेला संपत असल्यामुळे आपल्या पंचांगाप्रमाणे ती तिथी चैत्र वद्य दशमी ठरते, आणि भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत वैशाख शोधत बसणाऱ्याची यात्रा हमखास हुकते. आरंभ पटनी बाजारातील नागचंद्रेश्वराच्या मंदिरातून होतो. तेथे नारळ वाहून देवाकडून चालण्यासाठी बळ मागून घ्यायचे आणि प्रदक्षिणा पूर्ण झाली की मातीचे घोडे अर्पण करून ते परत करायचे, अशी प्रथा आहे. देवाकडून घेतलेलेही उसने समजून फेडायचे, हा रोकडा व्यवहार मला फार आवडला.

वाट सुमारे 118 किलोमीटरची असून तिच्यावर उज्जैनच्या चौऱ्याऐंशी महादेवांपैकी शेवटचे चार, क्षेत्राचे द्वारपाल म्हणून बसलेले आहेत: पूर्वेला पिंगलेश्वर, दक्षिणेला करोहन गावी कायावरोहणेश्वर, पश्चिमेला अंबोदिया येथे बिल्वकेश्वर आणि उत्तरेला जैथल येथे दुर्दुरेश्वर. आमच्याबरोबर इंदूरच्या रामबागेतील एक काकू होत्या. त्यांनी आळंदी ते पंढरपूर वारी केलेली असल्यामुळे सुरुवातीला त्यांना येथे चुकल्यासारखे होत होते. कारण या वाटेवर ना पालखी, ना चोपदार, ना दिंड्यांचे क्रमांक. जो तो आपल्या गावच्या चार माणसांबरोबर चालतो. त्यातही बायका अधिक, आणि बहुतेकींच्या डोक्यावर पीठ, मीठ, मिरची व एखादे भांडे बांधलेले गाठोडे. माळवी गाणी मात्र अखंड चाललेली असतात, आणि करोहनच्या पुढे काकूंनी त्यांत आपला ज्ञानोबा-तुकाराम बेमालूम मिसळून दिला.

ऊन हीच या यात्रेची खरी कसोटी. गव्हाची कापणी होऊन गेलेली, काळी जमीन भेगाळलेली आणि डांबरी रस्त्यावर सावलीचे नाव नाही, अशा स्थितीत पहाटेच्या अंधारात निघून ऊन चढण्याआधी मुक्काम गाठावा लागतो. वाटेवरच्या गावांतील लोक पाणी आणि ताक घेऊन उभे असतात. त्यांच्या सेवेला तोड नाही, पण इतक्या जुन्या यात्रामार्गावर दुतर्फा वड-पिंपळ का वाढवले गेले नाहीत, हा प्रश्न मला चालताना सतत टोचत राहिला.

पडावावर संध्याकाळी गोवऱ्यांचे आर पेटतात. घट्ट मळलेल्या कणकेचे गोळे, म्हणजे बाट्या, निखाऱ्यांवर उलटेपालटे करीत भाजायचे, मग राखेत पुरून ठेवायचे, आणि तडा गेला की फडक्यात झटकून, हाताने फोडून, तुपात बुडवायचे. शेजारच्या चुलीवरील माळवी आजीबाईंनी आमच्या बाट्या कच्च्या असल्याचे नुसत्या रंगावरून ओळखले आणि न विचारता त्या पुन्हा राखेत ढकलल्या.

अंबोदियाहून जैथलकडे जाताना शिप्रेकाठचा कालियादेह महाल लागतो. माळव्याच्या सुलतानांच्या काळातील ही वास्तू आणि नदीचे पाणी खेळवणारी तिची कुंडे पाहिल्यावर या शहरावर किती राजवटींनी हात फिरवला, याची कल्पना येते.

यात्रा संपल्यावर शहरात हिंडताना मराठी माणसाला तर पावलोपावली ओळखीच्या खुणा भेटतात. तेराव्या शतकात इल्तुतमिशाने उद्ध्वस्त केलेले महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारले ते राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. हरसिद्धीच्या प्रांगणातील दोन उंच दीपमाळा तर थेट आपल्याकडच्या देवळांतल्याच वाटतात. 1810 मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली, तरी त्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधलेले गोपाळमंदिर आजही भर बाजारात दिमाखाने उभे आहे. महाकाल लोकाच्या झगमगाटात गुंतलेल्या यात्रेकरूंपैकी फार थोडे तेथवर येतात, ही खेदाची गोष्ट आहे.

वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री महाकालाची पालखी याच गोपाळमंदिरात हरीच्या भेटीला येते. तो सोहळा पाहण्याचे आमचे ठरले आहे. मात्र त्या रात्री इंदूरहून गाडीनेच यायचे, असे काकूंनी आतापासूनच बजावून ठेवले आहे.