अनोळखी माणसाचे बुकमार्क

फॅनफिक, म्हणजे आवडत्या पुस्तकातली किंवा सिरीजमधली पात्रं घेऊन चाहत्यांनीच लिहिलेल्या गोष्टी, वाचायची चटक लागली की जुनं काहीतरी वाचावंसं वाटतंच आणि मग कळतं की जुनं शोधायला सर्चचा फारसा उपयोग नाही. एओथ्रीवर म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या साइटवर फिल्टर आहेत, टॅग आहेत, ते टॅग निस्तरत बसणारे बिनपगारी व्हॉलंटियर आहेत, सगळं मान्य, पण कुडोजप्रमाणे, म्हणजे वाचकांच्या लाइकप्रमाणे, लावलं की त्याच त्या गाजलेल्या फिक वर येतात आणि त्या आपल्या कधीच्या वाचून झालेल्या असतात. बिचाऱ्या २००३-०४ मधल्या गोष्टीला कुडोज येणार कुठून, एओथ्रीच मुळात सगळ्यांसाठी खुलं झालं नोव्हेंबर २००९ मध्ये. त्याआधीचं सगळं होतं फॅनफिक्शन डॉट नेटवर, लाइव्हजर्नलच्या ब्लॉगांवर, नाहीतर जिओसिटीज या फुकट वेबसाइट बनवायच्या सेवेवरच्या त्या काळ्या बॅकग्राउंडवर जांभळी अक्षरं असलेल्या पानांवर, आणि याहूने अमेरिकेतलं जिओसिटीज बंद केलं ते ऑक्टोबर २००९ मध्ये. नवीन घर उघडायच्या जेमतेम तीन आठवडे आधी जुनं पाडलं! वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात त्यातली काही पानं अजून सापडतात, पण पत्ता माहीत असेल तर.

मग सापडतं कसं? तर माणसाला धरून. एखादी फिक मनापासून आवडली की तिच्या खाली बुकमार्कचा आकडा असतो, त्यावर क्लिक करायचं, ती कुणीकुणी जपून ठेवलीये त्यांची यादी येते, त्यात एखादीने नोट लिहिलेली असते आणि ती वाचूनच कळतं की हिचं आपलं जमणार. कुणी फक्त हार्ट टाकतं, ते सोडून द्यायचं. कुणी लिहितं की पहिले तीन चॅप्टर रटाळ आहेत पण नेट लावून वाचा, चौथ्यात मजा आहे, अशा माणसावर माझा लगेच विश्वास बसतो. मग तिचे सगळे बुकमार्क उघडायचे, थेट शेवटच्या पानावर जायचं, कारण सगळ्यात जुने तिथे असतात, आणि मग काय, रात्रीचे दोन. तिला बिचारीला पत्ताही नसतो की कुणीतरी तिच्या आवडीनिवडी इतक्या बारकाईने तपासतंय.

आणि ही फॅन मंडळी बुकमार्कच्या बाबतीत भयंकर काटेकोर. एओथ्रीच्या आधी आणि नंतरही काही वर्षं सगळे डिलिशियस ही बुकमार्क ठेवायची साइट वापरायचे, गोष्टीतली प्रेमाची जोडी, लांबी, मूड, शेवट गोड की रडका, सगळ्याचे टॅग. २०११ मध्ये नव्या मालकांनी ते नव्याने बांधलं आणि टॅगमधली तिरकी रेघच चालेनाशी झाली, आता फॅनफिकमध्ये जोडी लिहितातच दोन नावांमध्ये तिरकी रेघ देऊन, म्हणजे सगळा संसारच मोडला की. पिनबोर्ड नावाची बुकमार्कचीच दुसरी साइट चालवणाऱ्या मॅचेय सेग्लोव्स्कीने सहज विचारलं की तुम्हाला काय काय हवंय, तर या लोकांनी मिळून एक गूगल डॉक लिहायला घेतलं आणि ते वाढत वाढत पन्नासच्या वर पानांचं झालं. ऑफिसात दोन पानांची रिक्वायरमेंट मिळवताना नाकी नऊ येतात हो!

एवढं करूनही गोष्टी जातातच. बुकमार्कच्या यादीत मधेच एक रिकामी ओळ दिसते, ही डिलीट झालीये, सॉरी. नाव नाही, लेखक नाही, नोट लिहिली असेल तर तेवढी उरते. म्हणून नोट लिहायचीच. नुसतं 'मस्त' लिहून काय उपयोग, कोण, कुठे, काय झालं ते लिहावं, म्हणजे निदान कुणाला विचारता तरी येतं की बाबा अशी अशी गोष्ट कुणाकडे आहे का, आणि असते कुणाकडे तरी, जुन्या लॅपटॉपवर ईपब करून ठेवलेली. लेखकाला स्वतःचं नाव नकोसं झालं असेल तर एओथ्रीवर फिक ऑर्फन करता येते, नाव जातं, गोष्ट राहते. हा मला सगळ्यात सभ्य मार्ग वाटतो, सगळं पुसून टाकण्यापेक्षा.

माझे बुकमार्क पब्लिक आहेत, नोटांसकट, कुणीही उचका. एक सोडून. तो प्रायव्हेट आहे आणि त्यात कोणती जोडी आहे ते मी कुणालाही सांगणार नाहीये.