लॉग ४ : बिबड्या, काच आणि अहिर भैरव

तर मंडळी, मागचा लॉग दसऱ्याच्या आसपासचा होता आणि त्यात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की उन्हाळ्याच्या आत सगळ्या रेकॉर्डी धुऊन, नवीन कव्हरात घालून, उभ्या लावून मोकळा होणार. ६१ एलपी, १४ जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या आणि खोकंभर कॅसेटी. आजचा स्कोअर सांगतो. धुतलेल्या ३८, वाया गेलेली १ (तिची गोष्ट खाली येतेच) आणि वाचलेली १. पण वाचलेली ती अशी आहे की बाकीचं सगळं माफ करा.

ती म्हणजे वडिलांची 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ ची, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटे अहिर भैरव रागात उजाडतो आणि पहाडीत संपतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे असेलच, शास्त्रीय न ऐकणाऱ्यांच्या घरातही ही सापडते, आणि म्हणूनच काही जाणकार तिच्याकडे जरा नाक मुरडून बघतात. मुरडू द्या. आमचे वडील रेल्वेत होते, रात्रपाळी करून पहाटे घरी आले की चहा व्हायच्या आत हीच लावायचे. ते गेल्यावर ही गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ट्रंकेत गेली, आडवी, वर पितळी भांडी, आणि भुसावळचा मे म्हणजे सावलीत ४५, पत्र्याखाली किती ते विचारूच नका. बाहेर काढली तर एका बाजूनं उचललेली, पिन अशी वरखाली जायची जशी आमची एसटी पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर.

पण खरं सांगायचं तर हे सगळं चालू झालं ते जानेवारीत.

जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, भुसावळहून २५ किलोमीटर, मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो. त्या दिवशी दुपारी मळ्यात भरीत पार्टी होती, कळण्याच्या पुऱ्या आणि वर ताक, त्यामुळे पहिलं गाणं चालू असताना माझे डोळे मिटलेले होते ते रसिकपणामुळे होते असं कोणी समजू नये. नंतर बासरी होती. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली, आणि मध्ये एकदा काय झालं, तबला थांबलेला, नुसता तानपुरा, वादकानं एक लांब सूर धरला, सोडला आणि पुढचा धरायच्या आधी श्वास घेतला. तो श्वास ऐकू आला. म्हणजे नुसता ऐकू आला नाही, सूर यायच्या आधी ती कोरडी फुंकर बांबूवर घासते ना, हवेचा एक पातळ पदर, मग त्यातून सूर वर येतो, ते अख्खं ऐकू आलं. शेवटी लहान बासरी काढून पहाडीतली धून झाली आणि लोकं टाळ्या वाजवून पार्किंगकडे पळाले (थंडी होती भो, ८-९ असेल) पण माझ्या डोक्यात ती फुंकरच.

घरी येऊन रात्री साडेबाराला रेकॉर्ड लावली. फुंकर कुठली, नुसती घूंऽऽ. खाली घूं, वर चटचट, मध्ये कुठंतरी हरिप्रसाद. तेव्हा ठरवलं की या तबकडीत ती फुंकर आहे की नाही ते एकदा बघायचंच. पुढचे सहा महिने त्यातच गेले.

आधी घूं. मला वाटायचं ही रेकॉर्डचीच आहे, जुनी झाली. तर नाही. पिन वर उचललेली असताना पण घूं येतेच, म्हणजे वायरिंगचा घोळ. प्लेअरची अर्थची बारीक वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला लावली, थोडी कमी झाली. फेब्रुवारीत ठीक होतं, मार्च संपता संपता परत वाढली. आमच्या गल्लीतला वायरमन आला, त्यानं प्लेअरकडे बघितलं पण नाही, सरळ मागच्या अंगणात गेला, अर्थिंगच्या खड्ड्याजवळ बसला आणि म्हणाला, 'पाणी कधी टाकलं होतं याच्यात?' आता रेकॉर्ड ऐकायची तर अंगणातल्या खड्ड्यात पाणी टाकायचं, हे मला कोणत्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात तडकते, हात जाईल एवढ्या भेगा, ओल गेली की अर्थिंग नावालाच. दोन बादल्या टाकल्या, दुसऱ्या दिवशी घूं निम्म्यावर. आता दर रविवारी तुळशीला पाणी घालताना एक बादली तिकडे. आई म्हणते तिथं काही उगवणार नाहीये.

मग चटचट. याचं कारण दोन, धूळ आणि स्टॅटिक (तबकडीवर साठणारी स्थिर वीज). धूळ धुतली की जाते, माझी पद्धत सांगून ठेवतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनं गोल गोल, मग नुसत्या डिस्टिल्डनं परत एकदा. मधल्या लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही, मी स्टीलच्या डब्याचं झाकण दाबून धरतो. आणि हात जोडून सांगतो, ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नका, त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. माझ्या चौदापैकी एकीवर मी पहिल्याच वर्षी हा पराक्रम केलेला आहे, तिच्यावर आता बोटांचे ठसे कायमचे वाजतात.

स्टॅटिकचं मात्र गंमतच आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे हवा इतकी कोरडी की कव्हरातून तबकडी काढली तर हातावरचे केस उभे राहतात, आणि खोलीतली सगळी धूळ हिच्याकडे. पण कुलर लावला की हवेत ओल येते, चटचट स्पष्ट कमी. वा, म्हटलं, सुटलो. तीन आठवड्यांनी बघतो तर कव्हरांवर पांढरी बुरशी. म्हणजे कुलर बंद तर चटचट, कुलर चालू तर बुरशी, आणि कुलर चालू असताना त्याचाच आवाज एवढा की फुंकर काय शंख पण ऐकू येणार नाही. सध्याचा तोडगा: वाजवायच्या आधी अर्धा तास कुलर, मग बंद, मग घाम पुसत ऐका. आणि रेकॉर्डींचं कपाट कुलरच्या समोरच्या भिंतीवरून उचलून आतल्या खोलीत, तिथं दोन वाट्या सिलिका जेल.

गाड्यांचं काय ते मागच्या लॉगमध्ये लिहिलेलं आहे. थोडक्यात, घर रुळांपासून जवळ, मालगाडी गेली की पिन उडी मारते. प्लेअर आता शहाबादी फरशीवर आहे आणि फरशी स्कूटरच्या जुन्या ट्यूबवर, ट्यूबमध्ये हवा अर्धीच. दिसायला भयाण, पण उडी थांबली. फक्त कोळशाची लांबलचक गाडी असली तर अजून जाणवतं.

आता मेन गोष्ट, वाकडेपणा. वाकडेपणा काठाला सगळ्यात जास्त असतो आणि एलपी वाजते काठाकडून आत, म्हणजे मार सगळा पहिल्या रागाला. आमच्या मेंढपाळाची पहाटच धड होत नव्हती, बासरी लांब सुरावर थांबली की सूर बारीक चढायचा-उतरायचा, प्यायल्यासारखा. उपाय सगळीकडे एकच लिहिलेला असतो, दोन जाड काचांमध्ये तबकडी, हळूहळू गरम, मग वजनाखाली हळूहळू थंड. ओव्हनवाले ओव्हन वापरतात. मी म्हटलं आपल्याकडे देवानं एवढा मोठा ओव्हन दिलाय तो कशाला आहे.

काचवाल्याकडून १० मिलिमीटरच्या दोन काचा कापून आणल्या. आधी ट्रायलला एक निरुपयोगी एलपी घेतली (जुन्या बाजारात ढिगाबरोबर आलेली, कोणी रडणार नाही अशी). गच्चीवर त्या दिवशी आईच्या बिबड्या (उन्हात वाळवायचे ज्वारीचे पापड) चालू होत्या, साड्या अंथरलेल्या, शेजारच्या काकू मदतीला, मी एका कोपऱ्यात काचा ठेवल्या. सकाळी दहाला. आई म्हणाली, 'काय रे, गाने वायत घालून राह्यला का?' काकू हसून हसून खाली बसल्या. दुपारी दीडला, जेवून जरा पडलो होतो, आठवण झाली, पळत वर गेलो, काच हातात धरवेना. काचांच्या मधला भाग सपाट, पण काचा १२ इंचाच्याच कापलेल्या आणि तबकडी सरकून एका बाजूनं बाहेर आलेली, तेवढा भाग लोंबून, वाळून, फुलाच्या पाकळीसारखा. बिबडीच झाली. आईनं ती खरोखर बिबड्यांच्या ओळीत ठेवून फोटो काढायला लावला आणि माझ्या मामाला पाठवला.

पण त्यातून कळलं ते असं: काच तबकडीपेक्षा मोठी पाहिजे, सगळीकडून निदान दोन इंच. दहा ते दीड हे ऊन गाण्याला नाही, बिबड्यांना आहे. दुसऱ्या वेळी १६ इंची काचा, सकाळी आठ ते साडेनऊ, मध्ये दोनदा काचेला हात लावून बघायचं, हात ठेवता आला पाहिजे पण ठेवावासा वाटू नये एवढी गरम. मग काच न उघडता खाली आणायची, सावलीत, वर आजीचा पाटा. पाटा सावकाश, एकदम ठेवलात तर काच जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. हे मी चार दिवस केलं, एकदम सपाट झाली असं नाही म्हणणार, काठाला अजून नखाएवढी लाट आहे.

मध्ये दोन कार्यक्रम झाले त्यांचंही लिहायचं होतं. १३ ऑक्टोबरला खंडव्याला गेलो होतो, किशोरकुमारच्या समाधीवर, भुसावळहून गाडीनं दोन-अडीच तास. तिथं स्टेज वगैरे सोडा, समाधीपाशी लोक दूध-जिलेबी ठेवतात आणि जो येईल तो गातो, मोबाइलला छोटा स्पीकर लावून. एक काका सूर सोडून सगळं बरोबर गात होते. मला ती मैफल मोठ्या हॉलमधल्या तिकीटवाल्या ट्रिब्युट शोपेक्षा दहापट आवडली. दुसरा, एका गावची दिवाळी पहाट. पाचला बोलावलं, सव्वापाचला माईक टेस्टिंग, साडेपाच ते सव्वासहा सत्कार, शाल, श्रीफळ, परत शाल, आणि ललत, म्हणजे पहाटेचा राग, गायला बसलेल्या बाईंच्या तोंडावर ऊन आलं. यावर अजून लिहिलं तर बीपी वाढेल.

आणि श्रावणातली कानबाई, आमच्या खानदेशातला देवीचा उत्सव. आमच्या मावशीकडे रात्रभर बायका गाणी म्हणतात, अहिराणीत, एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. मी फोनवर रेकॉर्ड केलं, घरी ऐकलं तर नुसता मिक्सरचा आवाज, नैवेद्याच्या रोटांचं दळण चाललेलं शेजारी. लताबाईंचं (मंगेशकर) आजोळ आपलं थाळनेर, शिरपूर तालुक्यातलं, आजीकडून त्या गरब्याची गाणी शिकल्या असं त्यांनी सांगितलेलं आहे, आणि मला तेव्हा वाटलं की त्या आजीचा आवाज काही कुठल्या तबकडीवर आला नाही. पुढच्या वर्षी एक बरा माईक उसना घेणार आहे, आणि दळण आधीच उरकून घ्यायला सांगणार आहे.

आता परवाचं. पाऊस पडून गेलेला, हवेत ओल, कुलरची गरज नाही, अर्थिंगला आकाशातूनच पाणी. पहाटे पाऊणे पाचला उठलो कारण त्या वेळी पंधरा-वीस मिनिटं गाड्यांची जरा खोट असते. पंखा बंद. प्लेअर चालू, पिनचं वजन दोन ग्रॅम, खाली सोडली. काठावरची लाट दिसत होती, आर्म हलकेच वरखाली होत होता, पण सूर हलला नाही. तानपुरा, संतूर, आणि बासरी आली तेव्हा मी स्पीकरला कान लावून बसलेलो. पहिल्या वेळी नाही. दुसऱ्या लांब सुराच्या आधी, हो. बारीकशी. कोणी म्हणेल तबकडीची खरखर असेल, म्हणू द्या, खरखर सुराच्या आधी येऊन सूर लागल्यावर थांबत नाही. मी उठून परत मागे घेतली, परत ऐकली, आवाज थोडा वाढवला.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, 'कमी कर रे, लोकं झोपेल हायेत.' वडिलांना पण हेच म्हणायची, याच वेळी, याच रागाला. मी कमी केला.

बाकी राहिलेलं: दुसऱ्या बाजूला शेवटी पहाडी फाटतेय. आतल्या कडेला खाचा आखूड वळणाच्या होतात, तिथं माझी गोल टोकाची पिन मार खाते. लंबगोल टोकाची घ्यायची आहे, पण दोन हजारांच्या पुढं जायची हिंमत नाही. कोणी वापरली असेल तर किती ग्रॅमवर ठेवता ते सांगा. आणि १६ इंची काचा पुढच्या मेपर्यंत रिकाम्या आहेत, जळगाव-भुसावळ पट्ट्यात कोणाला पाहिजे असतील तर घेऊन जा, पाटा मात्र तुमचा तुम्ही बघा, आईनं तो परत चटणीला घेतला आहे.