लेखी आदेश

१९ ऑगस्ट १९९१, सोमवार. मी तेव्हा मॉस्कोत दुभाष्याचं काम करायचो. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रशियनवर पोट चालत होतं. मुंबईच्या एका औषध कंपनीचे साहेब करारासाठी आले होते. उतरले होते हॉटेल उक्राइनात. समोर मॉस्क्वा नदी, पलीकडे रशियन संसदेची पांढरी इमारत. सकाळपासून टीव्हीवर बॅले, मध्येच सत्ता हाती घेतलेल्या आणीबाणी समितीचं निवेदन : सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह आजारी आहेत. मंत्रालयातल्या बाईंनी बैठक रद्द झाल्याचं सांगितलं आणि मी कारण विचारायच्या आत फोन ठेवला.

दुपारी रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन समितीच्या विरोधात रणगाड्यावर चढून बोलले, ते लोकांच्या तोंडून कळलं. साहेब म्हणाले, "चल, बघून येऊ. खोलीत बसून काय करायचंय?"

नदीकाठी रणगाडे उभे होते. एका रणगाड्यावर विशीतला पोरगा, डोक्याला ती काळी कापसाळ टोपी, हातात कुणीतरी दिलेला सॉसेजचा पाव. खाली एक आजी त्याला फैलावर घेत होती, "आईवर गोळी चालवशील का रे?" पोरगा खाली मान घालून पाव चावत होता. येल्त्सिनच्या हुकूमनाम्याच्या प्रती हातोहात फिरत होत्या. समिती बेकायदा आहे, तिचं ऐकू नका, असा मजकूर. रणगाड्यांवरच्या कॅप्टनने तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

साहेबांनी मला विचारायला लावलं, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?" मी भाषांतर जरा मवाळच केलं.

"मला इथे उभं राहायला सांगितलंय," कॅप्टन म्हणाला. "गोळी चालवायचा आदेश आला, तर लेखी मागेन."

साहेब हसले. "सही करणार कोण? तिथेच तर सगळ्यांचं घोडं अडतं."

मला ते तेव्हा चेष्टेचं वाटलं. पण पुढचे दोन दिवस बरंचसं तसंच घडलं. लष्कराच्या तामान डिव्हिजनचे मेजर येव्दोकिमोव्ह यांनी मात्र उघड बाजू घेतली. त्यांच्या बटालियनचे रणगाडे संसदेच्या रक्षणाला उभे राहिले. पण अशी माणसं मोजकीच. केजीबी या गुप्तचर संस्थेच्या आल्फा या खास तुकडीने इमारतीवर हल्ला केला नाही. बाकी फौज ना इकडे गेली ना तिकडे; वरचा खालच्याकडे बघत होता आणि खालचा वरच्याकडे. माझ्या मते समिती तिथेच हरली. तरी २० तारखेच्या रात्री गार्डन रिंग या वर्तुळाकार हमरस्त्याच्या भुयारी भागात, चिलखती गाड्यांशी झालेल्या झटापटीत तीन तरुण गेलेच. २१ला संरक्षणमंत्री याझोव्ह यांनी फौज मागे घेतली.

त्या दिवसांतल्या एकाच माणसाबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. मार्शल अख्रोमेयेव्ह. गोर्बाचेव्हचे सल्लागार, पण सुट्टी सोडून मॉस्कोला येऊन समितीला मिळाले. २४ ऑगस्टला क्रेमलिनमधल्या आपल्या कचेरीत त्यांनी गळफास घेतला. देश मोडताना बघून जगवत नाही, अशा आशयाची चिठ्ठी मागे ठेवली होती. फितूर म्हणावं, तर कोणाशी?

आमचा करार सप्टेंबरात झाला. सही सोव्हिएत मंत्रालयाची. वर्ष संपेपर्यंत सोव्हिएत संघ मोडला, ते मंत्रालयच उरलं नाही, आणि थकलेली रक्कम आता कोणाच्या दारात मागायची हे शोधायला साहेबांनी मलाच पाठवलं.