परसातल्या चान्या: पावसाळ्याचा अपडेट

मागचं लिहिलं तेव्हा मानकुराद आंबा नुकताच पाडाला लागला होता आणि चान्यांना (आमच्याकडे खारीला चानी म्हणतात) खाणं ठेवायच्या फीडरवर शुकशुकाट होता, तेव्हा दोघातिघांनी विचारलं की चान्या गेल्या कुठे. कुठेच नाही, वर झाडावर होत्या. आमच्याकडे (फोंडा तालुका, पुढे रस्ता, मागे कुळागर म्हणजे नारळी-पोफळीची बाग) एप्रिल-मेमध्ये काजूची बोंडं, फणस, आंबा, जांब सगळं एकदमच येतं, त्यात माझ्या करवंटीतल्या चार दाण्यांना कोण विचारतोय. सासूबाईंचं म्हणणं की झाडावरचा सगळ्यात गोड आंबा आधी चानीला कळतो, मग वटवाघळाला आणि सगळ्यात शेवटी आपल्याला, आणि त्यात खोटं काही नाही. तर त्या दिवसांत मी खाणं ठेवतच नाही. फक्त पाणी, मातीच्या परळात, रोज सकाळी ओतून नवीन, कारण डेंगीचे डास पाळायचा छंद मला नाही.

खरं काम जूनपासून. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे बाहेर ठेवलेल्या शेंगदाण्याचं काय होणार सांगा. नव्याने सुरू करणारे सगळे आधी शेंगदाणेच आणतात, स्वस्त आहेत, खारींना आवडतात, व्हिडिओत पण तेच दाखवतात. मी यंदा जून ते सप्टेंबर शेंगदाणा पूर्ण बंद ठेवला. दमट शेंगदाण्यावर जी बुरशी धरते ना तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृतावर जातं, आणि घरी तव्यावर भाजून ते पूर्ण निघत नाही. हे विष माणसाला कळलं तेच मुळी 1960 साली, इंग्लंडमध्ये पाळलेले टर्की पक्षी हजारोंनी पटापट मेले आणि शोधता शोधता माग लागला तो त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. टर्की केवढी आणि आपली शंभर-सव्वाशे ग्रॅमची चानी केवढी. वरून स्वच्छ दिसतोय म्हणून दाणा चांगला असं नसतं, किंचित खवट वास आला, सुरकुतलेला दिसला की सरळ कचऱ्यात.

आणि बुरशी नसली तरी शेंगदाणा हे रोजचं जेवण नाहीच. 100 ग्रॅम शेंगदाण्यात कॅल्शियम 90 मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस 370 च्या पुढे, म्हणजे चौपट. असं रोज पोटात गेलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतं, पाळलेल्या खारींची हाडं ठिसूळ होतात ती बऱ्याचदा यामुळे. सूर्यफुलाच्या बिया तर याहून वाईट, फॉस्फरस साडेसहाशेच्या घरात. रानातली खार पाला, फुलं, साल, किडे सगळं खाते म्हणून तिचं निभावतं, पण आपण फुकटचं पोटभर वाढलं तर ती बाकीचं कशाला शोधेल. म्हणून माझा मुख्य माल आता नाचणी. 100 ग्रॅमला कॅल्शियम साडेतीनशेच्या आसपास, फॉस्फरसपेक्षा जास्त, धान्यात असं उदाहरण दुसरं पटकन सापडत नाही. रात्री भिजवायची, फडक्यात बांधायची, बारीक मोड आले की मूठभर. पहिल्यांदा ढुंकूनही बघितलं नाही हां कोणी. खोबऱ्याचा कीस अगदी चिमूटभर वर भुरभुरला तेव्हा कुठे तोंड लावलं, नंतर नंतर कीस कमी करत नेला, आता नुसती नाचणी पण संपते. सोबत जे असेल ते, तवशाचा (मोठ्या काकडीचा) तुकडा, कोवळं कणीस, पेरू, शेवग्याची फुलं. बिस्कीट, पाव, फरसाण, दूध, जत्रेतलं खाजं यातलं काही नाही, कितीही गोड तोंड करून बघितलं तरी नाही.

खारींना कॅल्शियमसाठी समुद्रफेन ठेवता येतं का अशी मागे विचारणा झाली होती. हो, वापरतेय, जबरदस्त चाललंय. किनाऱ्यावर फिरायला गेलो की पांढरी हलकी होडीसारखी तुकडी वाळूत पडलेली दिसतात ना तीच, माणकीच्या (स्क्विडच्या) जातभाईचं आतलं कवच, जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट. लव्हबर्डवाले पिंजऱ्यात लावतात तेच, दुकानात विकत कशाला घ्यायचं, गोव्यात फुकट मिळतं. फक्त आणलं की लगेच लावू नका, खारट असतं. साध्या पाण्यात घालून पाणी बदलत राहायचं आणि मग कडक ऊन मिळेल तेव्हा वाळवायचं. सुंभाने पेरूच्या फांदीला बांधून ठेवलंय. बरेच दिवस तसंच लोंबकळत होतं, मग जुलैमध्ये एक मादी येऊन किरकिर किरकिर कुरतडायला लागली, रोज थोडं थोडं, आणि बाकीचे मात्र वास घेऊन पुढे. ती का खात होती ते नंतर कळलं, खाली सांगते.

फीडरची रचना आता पक्की झाली. नारळ फोडल्यावर दोन भकलं होतात, त्यातलं डोळ्यांवालं घ्यायचं. तीन डोळ्यांपैकी एक नरम असतो, तो सळईने टोचला की पाणी निथळायला भोक आपोआप तयार, ड्रिल नको काही नको. अशा दोन करवंट्या, एक मागच्या पडवीच्या वळचणीखाली आणि दुसरी विहिरीकडच्या चिकूवर, एकमेकींना दिसणार नाहीत अशा. हे महत्त्वाचं आहे. एकच जागा ठेवली तर एक दांडगट तिथे ठाण मांडतो आणि दुसरं कोणी आलं की शेपटी झटकत चिक् चिक् चिक् करत अंगावर जातो, खाण्यापेक्षा पळवण्यातच त्याचा वेळ जातो. दोन ठिकाणं आडोशाने वेगळी केली की त्याला दोन्हीकडे पहारा देता येत नाही, बाकीच्यांना चार घास मिळतात. आमच्याकडचा हा दांडगट म्हणजे कानाला खाच असलेला नर, त्याला घरात सगळे सरपंच म्हणतात. सरपंच वळचणीला असला की चिकूवर गर्दी.

करवंटी झाली की लगेच फेकू नका, रिकामी पण कुरतडतात. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच असतात, कडक काहीतरी घासायला लागतंच. मी सोडणाचा (नारळाच्या वरच्या सालाचा) तुकडा पण अडकवून ठेवते. काजूची कच्ची बी मात्र टरफलासकट चुकूनही नको, टरफलातलं तेल किती पोळतं ते ज्याने काजू भाजलेत त्याला सांगायला नको.

पण या पावसाळ्यात सगळ्यात जास्त फरक पडला तो खाण्याने नाही, वेळेने. खार पक्की दिवसाची, संध्याकाळी उजेड कमी झाला की गायब. रात्री करवंटीत जे उरतं ते उंदराचं. उंदीर आला की त्याच्या मागोमाग धामण, धामणीबद्दल माझी काही तक्रार नाही पण सासूबाईंची आहे, आणि पावसाळ्यात उंदराचं मूत म्हणजे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका, परसात अनवाणी फिरणारे आम्ही सगळेच. म्हणून सकाळी चहा झाला की ठेवायचं आणि दहाच्या आत करवंट्या उचलून धुवून उलट्या. दुपारी नाही, संध्याकाळी नाही. थोड्याच दिवसांत त्यांना वेळ कळते, आता मी मागचं दार उघडलं की कौलांवरून नखांचा आवाज येतो, डोकं खाली करून खांबावरून सरसर उतरतात. पाऊस धो धो असेल तर उशिरा येतात, तेव्हा मी पण उशिरा ठेवते, एवढी सवलत आहे. प्रमाणाचं म्हणाल तर अर्ध्या तासात संपेल एवढंच. उरतंय म्हणजे जास्त होतंय.

माकडांचं पण यानेच बरंचसं मिटलं. ऑगस्टमध्ये एक टोळी कुळागरातून आली, वेळ दुपारची होती, करवंट्या आत होत्या, पाच मिनिटं इकडे तिकडे करून विहिरीवरची बादली पाडून गेली. तरीही त्यानंतर आठवडाभर मी काहीच बाहेर ठेवलं नाही. तुमच्याकडे माकडं येत असतील तर सरळ खाणं बंद करा, त्यांना सवय लागली की पूर्ण वाड्याला ताप. आणि सत्तरी तालुक्यातल्यांना माकडतापाबद्दल मी काय सांगणार, 2015 पासून तिकडे लोकांनी ते भोगलंय, गोचिडांतून पसरतो, डिसेंबर ते मे जास्त. माकडांना परसात बोलावणं म्हणजे गोचिडांना आवतण. याच कारणाने खारींना पण हातावर घेऊन भरवायचं वगैरे मी करत नाही. फोटो छान येतो, मान्य. पण माणसाची भीती गेलेली खार पुढच्या घरच्या माजराच्या तोंडी जाते, आणि चावली तर टिटॅनस, डॉक्टर सगळं आलंच.

आता ती समुद्रफेनवाली मादी. जुलैच्या शेवटी ती तोंडात काथ्या भरभरून वळचणीत नेताना दिसली, भिंत आणि वाशाच्या बेचक्यात घरटं, म्हणजे गाभण होती, कॅल्शियम त्यासाठी. मी मग बोटभर लांबीचे काथ्याचे आणि जुन्या गोणपाटाचे तुकडे फांदीवर ठेवले, तेही नेले. लांब दोरा, नायलॉन, केस असलं काही ठेवू नका, पिल्लांच्या पायांना गुंडाळतं. नवरा म्हणाला कौलं हलवून बघूया का, मी म्हटलं हात लावलास तर बघ. यांची गर्भावस्था महिन्यापेक्षा थोडी जास्त, पिल्लं साधारण दोन-तीन, जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले आणि अंगावर केस नाहीत. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) गडबडीत विसरलेच होते, घरात पाहुणे, फुगड्या, आरत्या, आणि वर वाशावर दोन एवढीशी तोंडं खाली बघतायत! शेपट्या अजून झुपकेदार नाहीत, उंदरासारख्या, पण पाठीवर पट्टे स्पष्ट. आपल्याकडे तीन पट्ट्यांच्या जाती, पाच पट्ट्यांची ती उत्तरेकडची, रामाने तिकडे बहुतेक पूर्ण पंजा फिरवला.

एक पिल्लू तिसऱ्या दिवशी खाली पडलं. घरात लगेच दूध आण, कापूस आण सुरू झालं. काही आणलं नाही. वेताच्या टोपलीत जुना सुती कपडा घालून त्याला त्याच खांबाजवळ उंचावर ठेवलं, माजराला आत कोंडलं आणि सगळ्यांना पुढच्या पडवीत हाकललं. तासाभराने आई उतरली आणि मानेला धरून वर घेऊन गेली. गाईचं दूध अजिबात देऊ नका, जुलाब होऊन मरतात. आई दिवसभर आलीच नाही किंवा पिल्लू जखमी असेल तर वनखात्याला फोन, घरी ठेवून वाढवायचं डोक्यात आणू नका.

शेजारच्या काकांचा विषय राहिला. त्यांचा चिकू यंदा भरपूर लागला आणि भरपूर कुरतडला गेला, कुंपणावरून हाक आली, "बाये, तुज्यो चानयो म्हजे चिकू खातात!" माझ्या म्हणजे काय, पट्टे मी काढलेत का. पण त्यांचं चूक नाही, कोवळी सुपारी, शहाळी, कोको, खार सगळ्याला दात लावते आणि ज्याचं पोट कुळागरावर आहे त्याला तिचं कौतुक नसणारच. मी त्यांना जुनी मच्छरदाणी कापून चिकूच्या फांद्यांसाठी पिशव्या शिवून दिल्या, बऱ्यापैकी वाचले. माझ्याकडे खाणं ठेवल्यामुळे त्यांच्याकडचं नुकसान कमी होतं असा दावा मात्र मी करणार नाही, काही लोक करतात, मला तसं काही दिसलं नाही.

शेकरूचं विचारणाऱ्यांना एकच उत्तर, नाही, आमच्याकडे येत नाही आणि यावं असं मला वाटतही नाही. ते उंच झाडांच्या शेंड्यांवरून फिरणारं जनावर, बघायचं तर बोंडला किंवा मोलेच्या अभयारण्यात जाऊन मान मोडेपर्यंत वर बघा.

चवथीनंतर माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट) उतरवली तेव्हा तवशी, आंबाडे, पेरू, कणसं असं बरंच निघालं, त्यातलं थोडं थोडं रोज करवंटीत गेलं. कवंडळ वगैरे कडू रानफळं शोभेची असतात, ती बाजूला काढली. आंबाडे कोणी खाल्ले नाहीत. कणसावर मात्र सरपंच आणि ती आई यांची जी जुंपली ती बघायला पाहुणे चहा सोडून उठले, आणि जिंकली ती आई.

आता ऑक्टोबरचं ऊन पडलंय. नवीन शेंगा बाजारात आल्या की कडक वाळवून, न सोललेल्या, आठवड्यातून एकदोनदा द्यायचा विचार आहे. अडचण राहिलीय ती हुमल्यांची, म्हणजे मुंग्यांची. करवंटीच्या तारेवर बाटलीचं झाकण ओवून त्यात पाणी भरलंय, पावसात मस्त चाललं, पण आता दुपारपर्यंत आटतं आणि हुमले रांगेने खाली. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, केसांना लागून चिकटतं. ते सोडून कोणी काही करून बघितलं असेल तर सांगा.