अलिबाग: द्वितीयेच्या ओहोटीतला सूर्यास्त

अलिबागला सूर्यास्ताचे फोटो काढायला जायचं तर हवामानाआधी तिथी बघावी. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे ऐन सूर्यास्ताला पाणी वर आलेलं आणि पाय ठेवायला जेमतेम पट्टा. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणजे सहाला पूर्ण ओहोटी. डिसेंबरातल्या या फेरीसाठी मी द्वितीया धरली. भरती दीडच्या सुमाराला, ओहोटी पावणेआठला. सहाच्या पुढेमागे सूर्य बुडतो तेव्हा पाणी अजून मागेच हटत असतं, आणि नुकतीच उघडी पडलेली पुळण कोणाचंही पाऊल न उमटलेली मिळते. हेच द्वादशीला गेलं तर ओहोटी तीनला होऊन जाते. मग समोर दिवसभराच्या पावलांनी आणि घोडागाडीच्या चाकांनी उकरलेली वाळू, आणि त्यावर चढत येणारं पाणी.

मांडव्याला लाँचमधून उतरून बसने अलिबागला दुपारीच पोचलेलं बरं. इथली वाळू काळपट, बारीक आणि घट्ट, उतार नावालाच. भरड वाळूच्या, तीव्र उताराच्या किनाऱ्यावर लाट परतली की पाणी लगेच जिरतं आणि आरसा मिटतो. इथे पाण्याचा पातळ थर काही सेकंद तरी टिकतो, आणि खळग्यांत साचलेलं पाणी तर अंधार पडेपर्यंत तसंच राहतं. वाळू काळी असल्याचाही फायदा. खालून उजेड परत येत नाही, त्यामुळे प्रतिबिंबाचा रंग फिका पडत नाही.

सव्वापाचच्या सुमाराला समोरच्या समुद्रातल्या किल्ल्याकडे पाठच फिरवावी. या वेळी काम सावलीचं. सूर्य क्षितिजापासून मूठभर वर असतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा, साधारण दहा अंश. ‘चार बोटं म्हणजे एक तास’ हा इंटरनेटवरचा नियम इथे फसवतो. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे अख्खी मूठ पाऊण तासात संपते. दहा अंशांवर सावली वस्तूच्या साडेपाचपटीहून थोडी जास्त लांब पडते. लाटांनी वाळूवर उमटवलेल्या वळ्या साधारण एक सेंटिमीटर उंच आणि आठ सेंटिमीटर अंतरावर असल्या तर प्रत्येक वळीची सावली पुढच्या वळीच्या जरा अलीकडे थांबते. उजेड-सावलीचे पट्टे तेव्हा सर्वांत ठसठशीत दिसतात. वळ्या किनाऱ्याला समांतर असतात, म्हणून कॅमेरा उत्तरेला वरसोली गावाकडे किंवा दक्षिणेला धरायचा. उजेड बाजूने आला पाहिजे. सूर्य पाच अंशांवर आला की सावली अकरापट होते, खाचा पूर्ण बुडतात आणि नुसत्या माथ्यांवर नारिंगी रेघा उरतात. तो फोटो वेगळा आणि मला जास्त आवडणारा, पण मिळतात जेमतेम दहा मिनिटं. सावल्या निळसर दिसतात, कारण तिथे सूर्याचा नाही, डोक्यावरच्या आकाशाचा उजेड पोचतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा नारिंगी आणि निळं दोन्ही मारून मधलं काहीतरी देतो. ५५०० केल्व्हिनवर, म्हणजे दिवसाच्या उन्हाच्या मापावर, बांधून टाकावा.

मग कुलाबा किल्ला. उत्तर-दक्षिण पसरलेला, लांबी २७० मीटरच्या आसपास. त्याच्या तटाआड सूर्य कुठे उतरावा हे आपल्या पायांवर आहे. सूर्य किल्ल्याच्या डावीकडे असेल तर आपण उजवीकडे, म्हणजे उत्तरेला सरकायचं, आणि उजवीकडे असेल तर डावीकडे. किल्ला किलोमीटरभर दूर धरला तर नऊ मीटर चाललं की सूर्य आपल्या एका व्यासाएवढा सरकतो. डिसेंबरात तो पश्चिमेच्या २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला, त्यामुळे मार्चात सापडलेली जागा डिसेंबरात कामाची नाही.

लेन्सची निवड इथेच ठरते. सेन्सरवर सूर्याचा व्यास फोकल लांबीच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढा पडतो. २०० मिलिमीटरला १.८ मिलिमीटर, २४ ला जेमतेम ०.२. म्हणजे रुंद लेन्समध्ये सूर्य हा नुसता ठिपका, सगळा फोटो पुढच्या आरशावर उभा राहतो.

आरसा किती चांगला, हे कॅमेऱ्याच्या उंचीवर ठरतं. सरळ खाली बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परत देतं. पाण्याच्या पृष्ठभागाशी दहा अंशांचा कोन करून बघितलं तर ३५ टक्क्यांच्या आसपास, आणि पाच अंशांवर निम्म्याहून जास्त. म्हणून उभं राहून काढलेल्या फोटोत खालची वाळू काळी येते आणि वाळूपासून वीत-दीड वीत उंचीवरून काढलेल्यात तीच वाळू आकाश होते. मात्र खाली गेलं की फोकस आडवा येतो. २४ मिलिमीटर, एफ ११ (लेन्सचं छिद्र बरंच बारीक) आणि पावणेदोन मीटरवर फोकस ठेवला की नव्वद सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं नीट येतं. पण कॅमेरा २० सेंटिमीटरवर असेल तर फ्रेमची खालची कड ४० सेंटिमीटरवरच असते, तिथली वाळू मऊ येणार. एकतर कॅमेरा ४५ सेंटिमीटरवर घ्यावा, नाहीतर दोन फोकसचे दोन फोटो काढून घरी जोडावेत. आणखी एक फसगत: प्रतिबिंबातला किल्ला वाळूच्या अंतरावर नसतो, तो खऱ्या किल्ल्याएवढाच दूर असतो. टेलीलेन्स (दूरचं जवळ आणणारी लांब लेन्स) लावून जवळच्या डबक्याच्या काठावर फोकस केला तर वाळूचा कण न् कण टोकदार येतो आणि तट विरघळतो.

परतणाऱ्या घोडागाड्या याच वेळी पाण्याच्या कडेने येतात. इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. घोड्याच्या पायांपासून दोन काळ्या आकृत्या निघतात, प्रतिबिंब आणि सावली. प्रतिबिंब नेहमी सरळ आपल्याकडे येतं. सावली मात्र सूर्याच्या उलट दिशेला जाते. घोडा सूर्याच्या बरोबर पुढे असला की दोन्ही एकमेकांवर पडतात आणि नुसता काळा गोळा दिसतो. दहा-पंधरा पावलं बाजूला झालं की प्रतिबिंब खाली सरळ, सावली तिरकी, आणि मध्ये उजेडाची फट. शिवाय चकचकीत पाण्यावर सावली जवळपास दिसतच नाही आणि कोरड्या वाळूवर प्रतिबिंब. दोन्ही हवी असतील तर पाणी नुकतंच जिरत असलेली, ओली पण आरशासारखी न चमकणारी पट्टी शोधावी.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, या वेळी काढून ठेवावा. चुकीचा फिरला तर प्रतिबिंबच पुसून टाकतो, विशेषतः फ्रेमच्या खालच्या अर्ध्या भागातलं. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरून काळपट, खाली पारदर्शक काच) वापरायचा तर आकाशाचा उजेड चौथाई करणारा, दोन स्टॉपचा, हळूहळू फिका होत जाणारा सॉफ्ट पुरे. तीन-चार स्टॉपचा लावला की पाणी आकाशापेक्षा उजळ दिसतं, आणि तो खोटेपणा कॅमेरा न धरणाऱ्यालाही कळतो.

ट्रायपॉडचं दुखणं सगळ्यांना माहीत असतं, कारण कमी जणांना. लाट परतताना पायाभोवतीची वाळू खरवडून नेते, म्हणून दोन सेकंदांच्या फोटोत क्षितिज दुहेरी येतं. पाय आधीच दाबून १०-१५ सेंटिमीटर आत घालावेत, दोन लाटा जाऊ द्याव्यात, मग फ्रेम लावावी. परतत्या लाटेच्या फेसाच्या रेघा हव्या असतील तर पाव ते अर्धा सेकंद. पाणी मागे फिरलं की लगेच दाबायचं, पुढे येताना नाही.

डिसेंबरात क्षितिजावर धुरकट थर असतो. सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच, दोन अंशांवर, फिक्या नाण्यासारखा होतो. एफ १६ लावून तटाच्या कडेवर किरणांचा तारा काढायचा बेत तिथे संपतो. तो हवा असेल तर पावसानंतरचा ऑक्टोबर बरा. उलट त्या फिक्या बिंबावर टेली लावून बुरुजाच्या कडेचा तपशील टिपता येतो. पाण्याला टेकल्यापासून बुडेपर्यंत बिंबाला अडीच मिनिटं लागतात.

सूर्य गेला की गर्दी वळते. खारे वारे याच सुमारास मंदावतात आणि खळग्यांतलं पाणी, जे इतका वेळ शहारत होतं, ते निश्चल होतं. पुढची वीस-पंचवीस मिनिटं वर जांभळं, खाली तांबूस, आणि मध्ये तटाची काळी रेघ, सगळं दोनदा. आयएसओ १००, एफ ११, शटर एका सेकंदापासून सुरू होऊन वीस सेकंदांपर्यंत लांबत जातं. प्रत्येक फोटोनंतर हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, लाल रंगाचा भाग बघावा, तो बाकीच्यांआधी उजवीकडे फुटतो.

पाणी पावणेआठपर्यंत बाहेरच असतं, पण कपाळावरचा दिवा हवाच. लेन्सवर बसलेलं मीठ कोरड्या कापडाने पुसू नये, चरे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं, मग कोरडं. ट्रायपॉडचे सगळे कप्पे उघडून त्याच रात्री लॉजच्या बादलीत बुडवावेत. सकाळपर्यंत न धुता तसेच ठेवले तर पायांची कुलपं वाळूने करकरायला लागतात.